धूळ नावे, पिशवी जमा

आमच्या घरात केर काढण्याच्या प्रश्नावर गेल्या दिवाळीपासून तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीला आई, सौ. आणि मी असे तिघेच होतो. दुसऱ्या बैठकीला चिरंजीव कानातली बोंडं काढून जातीनं हजर राहिले, यावरून विषयाचं गांभीर्य लक्षात यावं. तिसरी बैठक मावशींच्या अपरोक्ष झाली, आणि तीच खरी महत्त्वाची, कारण विषय मावशींच्या गुडघ्यांचा होता.

मावशी म्हणजे आमच्याकडे गेली एकोणीस वर्षं केर-लादी करणाऱ्या बाई. एकोणीस वर्षं त्या रोज सकाळी साडेसातला येतात आणि मी पेपर वाचत बसलेला असताना "दादा, पाय वर" म्हणतात. मी पाय वर घेतो. घरकामातला माझा वाटा म्हणून कुणी विचारलं तर मी हाच सांगत आलो आहे. तर या मावशींना डॉक्टरांनी उकिडवं बसायची बंदी केली. लादी तर उकिडवं बसूनच पुसायची असते. सौ.ने लांब दांड्याचं पुसणं आणून दिलं. ते मावशींनी दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी बाल्कनीत उभं केलं. "वहिनी, ह्यानं लादी पुसली जात नाही, नुसती भिजते."

तेव्हा चिरंजीव म्हणाले, "रोबो घ्या. झाडतोही आणि पुसतोही."

मी कॉमर्सचा पदवीधर. लगेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. यंत्राची किंमत पस्तीस हजार. मावशींचे केर-लादीचे महिन्याला बाराशे. भागिले. एकोणतीस महिने आणि वर पाच दिवस. त्यानंतर यंत्र फुकटात राबणार! मी कागद अभिमानानं फिरवला. सौ.ने तो वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"आणि मावशींनी ते एकोणतीस महिने काय करायचं?"

बैठक तहकूब झाली.

पण आईला मात्र यंत्र बघायचंच होतं, म्हणून एका रविवारी आम्ही दुकानात गेलो. तिथल्या मुलानं पहिलाच प्रश्न टाकला, "सर, किती पास्कलचा दाखवू? पाच हजार, आठ हजार, की दहाच्या वर?" आयुष्यभर साड्या, गहू आणि मुदत ठेवी एवढ्याच वस्तू दर विचारून घेतलेल्या माणसाला पास्कल कसे किलो हे कुठून कळणार? मी "घरी विचारून सांगतो" म्हणून बाहेर पडलो. घर शेजारीच उभं होतं, ते हसलं.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही अर्जदाराचा चेहरा बघत नाही, मागचा रेकॉर्ड बघतो. तोच नियम इथे लावायचा ठरवलं. ज्या खानदानातून हे चपटं, वाटोळं यंत्र आलं, त्या खानदानाचा पूर्वेतिहास तपासल्याशिवाय पस्तीस हजार मंजूर करायचे नाहीत.

इतिहास तपासायचा तर सुरुवात घरापासून. आमच्याकडे केर काढायचं मूळ यंत्र केरसुणी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला हळदीकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात, आणि तिन्हीसांजेला केर काढला तर आई अजूनही "लक्ष्मी बाहेर घालवतोस का रे?" म्हणते. (तिन्हीसांजेला केर काढण्याचा माझा स्वतःचा असा काही बेत कधीच नव्हता.) ही शिंदीच्या पानांची लक्ष्मी पिढ्यान्‌पिढ्या वळली ती मुख्यतः मातंग समाजाच्या हातांनी. लक्ष्मी देव्हाऱ्यापुढे आणि तिला वळणारे हात गावकुसाबाहेर, हा हिशेब आमच्या वाडवडिलांनी कुठल्या वहीत लिहिला होता, ती वही मला अजून सापडलेली नाही.

आता एक योगायोग पाहा. १८७६ सालच्या फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात एक मूल जन्माला आलं, ज्यानं पुढे हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडली. ते गाडगेबाबा. आणि त्याच १८७६ सालच्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्‌स गावी मेल्व्हिल बिसेल नावाच्या काचसामानाच्या दुकानदारानं गालिचा झाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या दुकानात कपबश्या लाकडाच्या भुशात बांधून येत. तो भुसा गालिच्यात जाई, आणि साध्या झाडूनं निघण्याऐवजी आणखी आत जाई. त्याची पत्नी ॲना याला कंटाळलेली. बिसेलनं एका पेटीला चाकं लावली, चाकांवर ब्रश फिरता केला. ढकललं की ब्रश कचरा उडवतो आणि पेटी तो पोटात घेते. वीज नाही, आवाज नाही. १८८९ साली बिसेल वारला आणि धंदा ॲनाबाईंनी हाती घेतला. अमेरिकेत एवढी मोठी कंपनी चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांत त्यांचं नाव घेतात. केर काढायला जी कंटाळली होती, ती केराच्या जोरावर मालकीण झाली. आमच्याकडे गाडगेबाबा खराटा स्वतः हातात धरत आणि त्याबद्दल पैसा घेत नसत. दोन देशांच्या ताळेबंदात एवढा फरक असायचाच.

यानंतर रंगमंचावर येतो तो या खानदानाचा खरा मूळपुरुष, ह्यूबर्ट सेसिल बूथ. हा इंग्रज इंजिनिअर पुलांचा आणि जत्रेतल्या त्या प्रचंड पाळण्यांचा माणूस. व्हिएन्नात अजून फिरणाऱ्या जगप्रसिद्ध पाळण्याच्या कामात त्याचा हात होता. १९०१ साली तो लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला गेला. यंत्र गालिच्यावर जोरानं हवा फुंकत होतं. कल्पना अशी की उडालेली धूळ आपण होऊन वरच्या डब्यात जाऊन बसेल. धूळ इतकी शहाणी असती तर गालिच्यात कशाला गेली असती? ती उडाली आणि सगळ्यांच्या अंगावर बसली. बूथनं विचारलं, "फुंकण्यापेक्षा ओढून का घेत नाही?" त्यावर तो शोधक भडकला. ते अशक्य आहे, मी पुष्कळदा करून पाहिलंय, म्हणाला आणि निघून गेला. 'आम्ही सगळं करून पाहिलंय' असं म्हणणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्या शाखेत तो माझ्या शेजारच्याच काउंटरवर बसतो.

बूथ विचार करत राहिला. काही दिवसांनी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात मित्रांबरोबर जेवायला बसला असताना त्यानं खुर्चीच्या मखमली पाठीवर तोंड लावलं आणि जोरानं श्वास ओढला. ठसका लागला, जीव गुदमरला, पण मध्ये धरलेल्या रुमालावर धुळीचा काळा डाग उमटला. शोध लागला! आर्किमिडीज टबातून उघडा पळाला म्हणून त्याची गोष्ट पोराटोरांना सांगतात. भर हॉटेलात खुर्ची चोखणाऱ्या बूथची कुणी सांगत नाही.

मला या प्रसंगात माझ्या शास्त्राचं मूळ तत्त्व दिसलं. द्विनोंदी पद्धतीत रक्कम नाहीशी होत नाही, या खात्यातून त्या खात्यात जाते. झाडू आणि फुंकणी यांत धूळ एका जागी नावे पडायची, पण दुसरीकडे जमा व्हायचीच नाही. ती हवेत तरंगत राहायची, आमच्या बँकेतल्या जुन्या सस्पेन्स खात्यासारखी. बूथनं मधे रुमाल धरला आणि प्रथमच खातं जुळलं. धूळ गालिच्याला नावे, रुमालाला जमा. पुढे रुमालाची पिशवी झाली, पिशवीची डबी झाली, पण तत्त्व तेच.

त्याचं यंत्र मात्र आमच्या ब्लॉकमध्ये मावण्यासारखं नव्हतं. पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा तो पंप लाल रंगाच्या घोडागाडीवर बसवलेला. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'पफिंग बिली'. आवाज एवढा की रस्त्यातले घोडे बुजायचे, आणि भाड्याच्या बग्ग्या हाकणाऱ्यांनी बूथला कोर्टात खेचलं. कोर्टानं बूथचा रस्त्यात उभं राहण्याचा हक्क मान्य केला. पुढे नळीचा काही भाग पारदर्शक केला. खानदानी स्त्रिया मैत्रिणींना चहाला बोलवायच्या आणि घरातली धूळ नळीतून वाहताना सगळ्या मिळून बघायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबेमधला सिंहासनाखालचा गालिचा बूथच्या यंत्रानं साफ केला. राजाला ते इतकं आवडलं की त्यानं राजवाड्यासाठी यंत्रं घेतली. पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाची माणसं ठेवली होती, तिथे तापाची साथ आली, तेव्हा बूथच्या पंधरा यंत्रांनी तिथून सव्वीस टन धूळ बाहेर काढली. सव्वीस टन म्हणजे चार-पाच हत्ती. ते हत्ती तोपर्यंत त्या माणसांच्या डोक्यावरच बसलेले होते.

पण बूथ यंत्र विकत नसे, सेवा विकत असे. यंत्र घरात आणलं ते एका झाडूवाल्यानं, आणि या सगळ्या इतिहासात मला आपला वाटला तो हाच माणूस.

जेम्स मरे स्पँगलर. ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मोठ्या दुकानात झाडलोट करायची नोकरी. वय साठीकडे झुकलेलं, त्यात दमा. गालिचे झाडायचे म्हणजे दमेकऱ्याला रोजचं मरण. नोकरी सोडणं परवडणार नव्हतं. १९०७ साली या गृहस्थानं पंख्याची मोटर घेतली, साबणाचं खोकं घेतलं, झाडूचा दांडा घेतला, आणि मागे बायकोची उशीची खोळ बांधली. धूळ मोटरनं आत, खोळीत जमा. जून १९०८ मध्ये पेटंट मिळालं. हातात भांडवल नाही. त्यानं ते यंत्र आपल्या नात्यातल्या एका बाईंना दाखवलं. त्या बाईंचे यजमान विल्यम हूवर घोड्यांच्या खोगिरांचा, चामड्याचा धंदा करत. रस्त्यावर मोटारी आल्या होत्या, खोगिरांचे दिवस भरत आले होते. हूवरनं पेटंट विकत घेतलं आणि साप्ताहिकात जाहिरात दिली की दहा दिवस घरी फुकट वापरून बघा. पुढे इंग्लंडात 'हूवर करणे' हे चक्क क्रियापद झालं. ज्याच्या छातीतल्या घरघरीतून हे यंत्र निघालं, त्याच्या नावाचं क्रियापद काही झालं नाही.

स्पँगलरला रॉयल्टी मिळत राहिली, हे कबूल केलं पाहिजे. पण १९१५ च्या जानेवारीत, आयुष्यातल्या पहिल्या सुट्टीसाठी तो फ्लोरिडाला निघणार, त्याच्या आदल्या रात्री वारला. हे वाचून मी उठलो आणि दोन वर्षं लांबणीवर टाकलेला एलटीसीचा अर्ज भरला. गंमत पुढेच आहे. १९९२ साली हूवरच्या ब्रिटिश शाखेनं जाहीर केलं की शंभर पौंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन तिकिटं फुकट न्या, आधी युरोपची, मग अमेरिकेचीही. तिकीट यंत्राहून महाग! घरात आधीच दोन असलेली माणसंसुद्धा तिसरं यंत्र घ्यायला धावली. कंपनीला जवळपास पाच कोटी पौंडांचा खड्डा पडला. शोधक सुट्टीला जाता जाता राहिला, आणि ऐंशी-एक वर्षांनी गिऱ्हाइकं विमानानं गेली.

आपल्याकडे या खानदानाची सून आली ती टाय लावून. १९८२ साली मुंबईत युरेका फोर्ब्स कंपनी निघाली, आणि दारोदार फिरून प्रात्यक्षिक दाखवणारे तरुण मध्यमवर्गीय वसाहतींतून दिसू लागले. आमच्याकडेही असाच एक टायवाला आला होता. कुठल्या कंपनीचा ते आता सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. त्यानं आमची गादी यंत्रानं ओढली आणि निघालेली धूळ एका पांढऱ्या फडक्यावर ओतून वडिलांपुढे धरली. "साहेब, यावर तुम्ही रोज झोपता." वडील नुसते बघत राहिले. मग हप्त्यांवर यंत्र घेतलं.

आणि ते माळ्यावर गेलं. याला यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. ते गालिच्यांच्या देशातलं. आमच्याकडे कापडी म्हणून एक सतरंजी, तीही पाहुणे आले तरच. फरशी झाडायला त्याची नळी लावली की ते असं गर्जायचं की खालच्या मजल्यावरचे आजोबा चप्पल घालून वर यायचे. शिवाय झाडून झाल्यावर पुसायचं कुणी? शेणानं सारवण्यापासून फिनेलपर्यंत आमच्याकडे स्वच्छतेची खूण म्हणजे ओल. कोरडी स्वच्छता आईला स्वच्छता वाटतच नव्हती, नळ न सोडता हात धुतल्यासारखी. माझ्या हिशेबानं त्या यंत्राचा घसारा केव्हाच पूर्ण झाला होता. यंत्र मात्र अखेरपर्यंत कोरं करकरीत राहिलं. आमची शेवटचा हप्ता फेडायची आणि कंपनीची त्याच्या पिशव्या बनवणं बंद करायची वेळ साधारण एकच आली, म्हणून नाव सांगत नाही.

१९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी घरातल्या यंत्रांवर एक पुस्तक लिहिलं. सौ.ला त्यातला एक मुद्दा सांगितला आणि ती महिन्याभरात प्रथमच माझ्या संशोधनावर खूष झाली. मुद्दा असा की यंत्रं आली, पण बाईचे कामाचे तास कमी झाले नाहीत. पूर्वी अमेरिकेत जड गालिचे वर्षातून एकदोनदा अंगणात नेऊन बडवायचे, आणि ते बडवायला घरातले पुरुष आणि पोरं लागायची. हलकं यंत्र आल्यावर पुरुष सुटले, आणि तेच काम बाई एकटी दर आठवड्याला करू लागली. धूळ पिशवीला जमा झाली, पण मेहनत कुणाच्या खात्याला गेली ते पाहा. "हे मी पुस्तक न लिहिता सांगितलं असतं," सौ. म्हणाली.

आता आपण आपल्या अर्जदारापर्यंत येऊन पोचलो. आपण होऊन फिरणारं झाडयंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं १९९६ साली बीबीसीवर दाखवलं आणि २००१ साली बाजारात आणलं. नाव ठेवलं ट्रायलोबाइट. हा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सरपटणारा आणि केव्हाच नामशेष झालेला प्राणी. बारशाला याहून अपशकुनी नाव मी ऐकलं नाही. वटवाघळासारखा ध्वनी सोडून तो भिंत ओळखायचा, आणि भिंत ओळखली की अदबीनं दूरच थांबायचा. त्यामुळे कडेचा केर कडेलाच.

सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीनं रूम्बा आणला, किंमत दोनशे डॉलरला एक कमी. एमआयटीतल्या रॉडनी ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी १९९० साली काढलेली ही कंपनी. त्याच वर्षी त्यांचे दुसरे रोबो अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्याबरोबर गुहा तपासत होते. एक भाऊ आघाडीवर आणि दुसरा सोफ्याखाली! ब्रूक्स यांचं म्हणणं असं की यंत्राला फार अक्कल द्यायची गरज नाही, किड्यामुंगीएवढी पुरे. म्हणून रूम्बाकडे घराचा नकाशाच नव्हता. थोडं गोल फिर, भिंतीच्या कडेनं चाल, धडकलास की वळ, पुन्हा धडक. कुठे केर काढला आणि कुठे नाही हे त्याला स्वतःलाच माहीत नसायचं, पण पुष्कळ वेळ फिरल्यावर बहुतेक सगळीकडे जाऊन झालेलं असायचं. सरकारी कचेरीत आपली फाइल अशीच फिरते. २००५ साली त्याच कंपनीनं फरशी धुणारं भावंडही काढलं. २००७ साली जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी पाहिलं तर लोक या यंत्रांना नावं ठेवत होते, आणि यंत्राला नीट फिरता यावं म्हणून घरातलं सामान हलवत होते. मावशी यायच्या आधी सौ. भराभर पसारा आवरते, तसंच.

अक्कल मग हळूहळू आली. २०१० पासून डोक्यावर लेझरची फिरती डबी बसवलेली यंत्रं निघाली. ती आधी घराचा नकाशा काढतात आणि मग शेतात नांगर धरल्यासारखी ओळीनं फिरतात. २०१६ नंतर चिनी कंपन्यांनी ही लेझरवाली यंत्रं स्वस्त केली. काहींना कॅमेरे बसले. २०२२ च्या डिसेंबरात बातमी आली की चाचणीसाठी दिलेल्या काही रोबोंनी काढलेले घरातले फोटो बाहेर फुटले, आणि त्यांतला एक संडासात बसलेल्या बाईचा होता. हे मी आईला सांगायला नको होतं.

आणि अर्जदाराच्या खानदानाची आजची पत? ॲमेझॉननं २०२२ साली आयरोबोटला पावणेदोनशे कोटी डॉलरच्या आसपास विकत घ्यायचं ठरवलं, जानेवारी २०२४ मध्ये तो सौदा मोडला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ताबा कुणाकडे जायचं ठरलं? तिची यंत्रं बनवून देणाऱ्या चिनी कारखान्याकडे. झाडणाऱ्यानं घर घेतलं! ॲनाबाई बिसेलनंतर असं प्रथमच घडत असावं.

एवढा अभ्यास घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी सौ.च्या आग्रहानं मावशीही बरोबर होत्या. पास्कलचा उलगडा मी आधीच करून ठेवला होता. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच गणिती. त्यानं करवसुलीचे हिशेब सांभाळणाऱ्या वडिलांसाठी १६४२ साली बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा आमच्या जमातीचा तो जुना उपकारकर्ता. एक पास्कल म्हणजे टेबलावर पडलेल्या एका टाइपाच्या कागदाचा टेबलावर पडणारा दाब, साधारण तेवढा. आठ हजार पास्कल म्हणजे वीस रिमांची चळत. पण हा आकडा बहुधा तोंड बंद करून नुसती ओढ मोजून काढतात. केर उचलायला ओढीबरोबर हवाही भरपूर वाहावी लागते, आणि ती किती वाहते हे डब्यावर मोठ्या अक्षरांत नसतं. शिवाय आमच्या टाइल्सवरचा केर काही गालिच्यात मुरलेला नाही. तेव्हा पाच हजारांच्या पुढचे पास्कल हे गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, असं माझं मत झालं. ते मी त्या मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "ओके सर."

मावशींनी पास्कल विचारले नाहीत.

"ह्यात पाणी कोण भरणार?"

"आपणच भरायचं, मावशी."

"फडकं धुणार कोण?"

"ते काढून धुवायचं. स्वतः धुणारं, वाळवणारं मॉडेल पण आहे." त्यानं किंमत सांगितली. आई शेजारच्या वॉशिंग मशिनवर टेकली.

"मग त्या मॉडेलचं घाण पाणी कोण टाकणार?"

"ते... टाकी काढून आपणच."

"वहिनींचे केस अडकले तर?"

"ब्रश काढून आपणच साफ करायचा."

"उंबऱ्यावरून जातो?"

"दोन सेंटिमीटरपर्यंत जातो."

आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा दीड इंच. मावशींनी मान हलवली. महिनाभर जागून मी जो निष्कर्ष काढला होता तो त्यांनी पाच मिनिटांत काढला. मग मीही माझे राहिलेले प्रश्न विचारले. दिवाणाखाली फट नऊ सेंटिमीटर आणि लेझरची डबी धरून यंत्र दहा सेंटिमीटर. बिनडबीचं घ्यावं तर त्याला कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला आईचा सक्त नकार. खड्डा ओळखणारे डोळे काळ्या रंगाला खड्डा समजून मागे फिरतात, आणि आमच्या पॅसेजला कडप्पा. दारातली रांगोळी त्याला दिसणार नाही, दिसला तर केर म्हणूनच दिसेल.

शेवटी लेझरचं, बिनकॅमेऱ्याचं, मध्यम पास्कलचं, स्वतःचं स्वतः न धुणारं असं एक यंत्र घेतलं. दिवाणाखाली चार लाकडी ठोकळे घातले. स्वयंपाकघरात नेताना ते उचलून ठेवायचं ठरलं. मावशींच्या पगाराचं सौ.ने दुकानाच्या पायरीवरच सांगून टाकलं. बाराशे आहेत तेच राहतील, पाणी भरणं आणि फडकं धुणं उभ्यानं बेसिनवर त्या करतील, वाकायचं काम त्यांनी करायचं नाही. "मग वाकायचं कुणी?" मी विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही, तिघीजणी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. एकोणतीस महिने आणि पाच दिवसांचा तो कागद अजून माझ्या खिशात होता. रिक्षाचे पैसे काढताना तो रस्त्यावर पडला. मावशींनी लगेच उचलायला लावला.

सोमवारी सकाळी साडेसातला यंत्र सुरू केलं. एकोणीस वर्षांत प्रथमच मावशी आमच्या घरी लादी पुसली जात असताना खुर्चीवर बसल्या. बसायला तयार नव्हत्या, आईनं हात धरून बसवलं. सौ.ने चहा दिला. यंत्र हॉलमधून ओळीनं गेलं, कडप्प्याजवळ दचकलं, मागे फिरलं, पुन्हा आलं. मावशींच्या खुर्चीजवळ आलं तशी मी पेपर खाली घेऊन म्हटलं, "मावशी, पाय वर."

मावशींनी पाय वर घेतले. यंत्र खालून गेलं. चहाचा कप हातात तसाच धरून त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी टीव्हीच्या टेबलामागे बोट दाखवलं.

"दादा, कोपऱ्यात राहिलंय."

मी पेपर ठेवला, आणि बाल्कनीत केरसुणी कुठे असते ते सौ.ला विचारलं.